दगडी कुत्र्यांच्या पायांतले दोरे

मिकुनी बंदरावरच्या टेकडीतलं देऊळ ओतामी झाडायची. दारात निळसर दगडाचे दोन कुत्रे होते. एकाचा जबडा उघडा, दुसऱ्याचा मिटलेला. बंदरातल्या चहाघरांच्या पोरी त्यांच्या पायांना लाल दोरा बांधून जात. वारा उलटा फिरावा, गलबत अडकावं आणि आपला खलाशी आणखी चार दिवस राहावा, एवढंच त्यांचं मागणं.

ओतामीचा नवरा कानरोकू असाच गलबतावर गेला होता. गलबत परत आलं, तो आला नाही. वाटेत साकाता बंदरात उतरला, एवढंच कळलं. तिथल्या कुणा सटवीनं कुत्र्याचे पाय बांधून त्याला अडकवलाय, हे ओतामीच्या मनानं घेतलं. तेव्हापासून केर काढताना ती दिसेल तो दोरा कापून टाकी. पोरी तिच्या नावानं बोटं मोडत.

एकदा उघड्या जबड्याच्या कुत्र्याच्या पायाला तागाची सुतळी दिसली. तिनं कात्री लावली, तोच मागून टोफू विकणाऱ्या ओरोकूबाईनं तिचा हात धरला.

"ही त्या पोरींची नव्हे गं, माझी आहे. लेक पळून गेली माझी. असेल तिथं तिचे पाय थांबू देत, आणि ती माघारी येऊ दे."

ओतामी गोंधळली. "म्हणजे हा जाणाऱ्याला अडवतो, का गेलेल्याला आणतो?"

"मला काय ठाऊक? सासू बांधायची, मी बांधते."

पुजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की हे वाईटाला दाराबाहेर ठेवायला बसवलेत, दोऱ्यांचं पोथीत काही नाही. शिवाय यांना कुणी सिंहही म्हणतात. ओतामीचं डोकं आणखीच गरगरलं. शेवटी जिला ती रोज शिव्या घालायची, त्या कोचो नावाच्या पोरीकडेच ती गेली.

"मावशी, आमचा दोरा पुढच्या पायाला," कोचो म्हणाली. "पण माणूस बंदरात असला तर. गेलेल्याचं आम्हाला नाही माहीत."

मग दोघींनी मिळून दोन्ही कुत्र्यांचे आठही पाय बांधले. चुकायला नको.

वसंतात ओरोकूची लेक आली. कानरोकू नाही आला. साकाताहून आलेल्या एका खलाशानं सांगितलं की तो तिथं दोर वळतो, अंगानं सुटलाय, मजेत आहे. त्याच्या घराजवळ दगडी कुत्रा आहे का, असं ओतामीनं विचारलं. खलाशी म्हणाला, जवळपास तर एकही नाही.

"एकही नाही?" तिनं पुन्हा विचारलं. मग त्याला कुणी बांधलं होतं, ते काही तिला उमगेना.

तिनं दोरे कापणं सोडलं. दया आली म्हणून, की कंटाळा आला म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोरा खरंच लागू पडतो का, असं एखादी नवी पोर विचारी.

"कधी वारा फिरतो, कधी नाही फिरत," ओतामी म्हणे. "सरक जरा, पाचोळा काढू दे."