निळ्या पुस्तकाचं मागचं पान

शांतवन पाटोळे सत्तावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासायच्या टेबलावर होता. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. सुपरवायझर कितीही ओरडला, माल कितीही तुंबला, तरी खोटा शिक्का मारला नाही. त्यामुळे त्याला बढती मिळाली नाही आणि कुणी काढूनही टाकलं नाही. मूळचा राहुरीकडचा. बायको मार्था गेल्यापासून चिखलीत दौलतरावांच्या चाळीत एकटाच राहतो. मी त्याच्याच चर्चची. शाळेत शिकवत होते, म्हणून तो मला बाई म्हणतो आणि माझं क्वचित ऐकतो.

निवृत्त झाल्यावर त्यानं पुस्तकं द्यायला सुरुवात केली. प्रार्थनेवरची, स्तोत्रांवरची, रोजच्या मननाची. आपल्या घरांत अशी पुस्तकं भेट म्हणून येतात आणि शोकेसच्या काचेमागे पिवळी पडतात. त्यातली निम्मी गुळमट असतात, हेही खरं. शांतवन प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायचा आणि गुळमट बाजूला टाकायचा. उरलेल्यांना त्याचा नियम असा: पुस्तक परत आणायचं नाही, पुढच्या माणसाला द्यायचं. जो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि देण्याआधी मागच्या कोऱ्या पानावर नाव, तारीख आणि मनात काय हललं त्याची एक ओळ लिहायची.

"नावं कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "दिवस बरे नाहीत."

"बाई, देवासमोर नाव सांगायला लाजायचं काय?"

"पान काही एकटा देव बघणार नाही."

तो हसला. मला राग आला, पण मी गप्प बसले. तिथे चुकलंच माझं.

तो कुणाच्या दारात पुस्तक घेऊन जात नसे. मागणारे मात्र सगळे आपल्यातले नव्हते. दौलतरावांची धाकटी सून विजयश्री त्यातलीच. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. घरात तिला कुणी वाईट वागवलं नाही, पण त्या बाळाबद्दल एक शब्दही कुणी काढला नाही. चाळीची पाण्याची मोटर लावायला ती रोज यायची. एकदा शांतवनच्या हातात निळ्या कव्हरचं पातळ पुस्तक दिसलं, दुःखातल्या प्रार्थनेवरचं. चांगलं पुस्तक आहे. सांत्वनाची घाई करत नाही. आधी देवाकडे तक्रार करा, बायबलातल्या स्तोत्रकर्त्यांनीही केली, असं सांगतं. तिनं मागितलं, यानं दिलं. महिन्याभरानं तिनं मागच्या पानावर लिहिलं: '१२ मार्च. विजयश्री, चिखली. रडायला परवानगी मिळाली.' आणि पुस्तक मोनिका सिस्टरला दिलं. बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात ही नर्सच तिच्या उशाशी बसली होती.

ऑगस्टमध्ये शांतवन मला आनंदानं सांगायला आला. दोन तरुण मुलं खोलीवर आली होती. पाया पडली. एक पुस्तक मागून घेऊन गेली.

"आणि काय विचारलं त्यांनी?"

"काय न्हाई. कोण कोण वाचतं, गावातलं कोण वाचतं, एवढंच."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "विजयश्रीचं नाव असलेलं ते निळं पुस्तक कुठे आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. नियमच तसा. आम्ही रिक्षानं पिंपरीला मोनिकाकडे गेलो. ती ड्यूटीवर निघत होती.

"मी शेखरला दिलं, मामा. पण परवा तुमची दोन मुलं आली होती ना विचारायला? त्यांनाही तेच सांगितलं."

"माझी मुलं?"

"तुमचं नाव घेतलं त्यांनी. मला वाटलं तुम्हीच पाठवलीत."

शेखर एका कंपनीत मशिन चालवतो. कंपनीच्या गेटवर आला, हात अजून ऑइलनं भरलेले. "दिलं की मी त्यांना. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, तुम्हीच सांगितलंत."

परतीच्या वाटेत शांतवन बोटांवर त्या पुस्तकातली नावं मोजत होता.

त्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी त्या दोघांतला एक मुलगा उभा होता. स्वच्छ शर्ट, शांत चेहरा. त्यानं दोन्ही हातांनी पुस्तक पुढे केलं. वर तपकिरी कागदाचं नवं कव्हर, कोपरे नीट दुमडलेले.

"वाचून झालं, काका. तुमच्या पद्धतीप्रमाणे ओळ पण लिहिलीय."

तो गेल्यावर आम्ही मागचं पान उघडलं. बारा नावं, बारा ओळी. त्याखाली सुबक अक्षरात तारीख आणि एवढंच: 'सगळी नावं पाहिली.' लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

"फाड ते पान," मी म्हणाले.

"त्यांनी फोटो काढलाच असणार."

"मग निदान खोली सोड. चार दिवस बहिणीकडे जा."

"आणि विजयश्रीनं एकटीनं उत्तर द्यायचं?" त्यानं पुस्तक पिशवीत घातलं. "लिहायला मी लावलं, बाई. दौलतआण्णांना मीच सांगतो."

मी त्याच्याबरोबर गेले. दौलतराव ओसरीवर खुर्चीत बसले होते, मोबाइल मांडीवर. आम्हाला बघून उठले नाहीत.

"या बाई. बसा, पाटोळे. वाटच बघत व्हतो."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. पडद्यावर तेच पान होतं. दारात विजयश्री उभी होती. हातातला तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"ही म्हणती, माझं न्हाई. दुसरी कुणी विजयश्री आसंल. त्या पोरांना वाटतं, आमचीच हाय. पंचायतीत बसवून इचारायचं म्हणत्यात, धर्म बदलला का म्हून." दौलतराव सावकाश बोलत होते. "चौदा वर्सं माझ्या चाळीत हायसा. तुमी खोटं बोलल्यालं म्या आईकलं न्हाई. गावालाबी ठावं हाय. म्हून तुमाला इचारतो. हे आमच्या सुनंचं हाय का?"

मला वाटलं आता हा खरं बोलणार. हा दुसरं काही करूच शकत नाही. विजयश्रीनं मान वर केली नाही.

शांतवननं पान नीट पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"न्हाई आण्णा. तिचं न्हाई."

दौलतरावांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांना कळलं होतं, दोन्ही एकदमच. विजयश्री आत गेली. तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "उद्या सकाळी पोरं येत्याली. हेच त्यांच्यापुढं सांगा. तुमच्या शब्दावर हिला कुणी हात लावनार न्हाई."

"सांगतो."

"पर मंग ती बाकीच्यांचं इचारतील, पाटोळे. ही मोनिका कोन, ह्यो शेखर कोन. एकाला न्हाई म्हणालात, तर अकरांना काय म्हननार?"

शांतवन खुर्चीच्या कडेला तसाच बसून राहिला. मी त्याला उठ म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा उठला.