ओढ्याच्या अंगानं बारा चढ

डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचा अर्ज मी भरला, तेव्हा मला चव्वेचाळिसावं लागलं होतं आणि आमच्या मुकुंदवाडीतल्या नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. अर्ज भरताना घरात कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, ते मला ठाऊक होतं.

कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आधी घाम यावा म्हणून पळायचं, आणि मग तो धुवायला पाणी मागायचं!"

त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. टँकर आला की सगळी गल्ली भांडी घेऊन धावायची, आणि मी रोज सकाळी भिजून घरी यायचे. नवरा दोघींच्याही बोलण्याला मान डोलवायचा. शेवटी मी म्हटलं, "माझ्या वाटणीची एक बादली मला द्या. त्यात मी अंघोळ करीन, कपडे धुईन, काय वाटेल ते करीन. दुसरी मागितली तर पळणं बंद."

दुसरी मी कधी मागितली नाही. परातीत उभं राहून अंघोळ करायची, ते पाणी कपड्यांना, कपड्यांचं संडासात. पळायचा टी-शर्ट तीन-तीन दिवस तोच. त्याच्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटायचे, वासही यायचा. येऊ दे म्हटलं.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. कामावर जायच्या आधी, पाचला स्कूटी काढून देवळाईच्या पलीकडच्या एका टेकडीवर जायचे. टेकडी तशी लहानच. शर्यतीतला डोंगर हिच्या कितीतरी पट उंच, म्हणून हिलाच पुन्हा पुन्हा चढायचं आणि उतरायचं. सहा महिने असं चाललं. मग एका सकाळी पायथ्याला काटेरी तार दिसली. तारेच्या आत चुन्याच्या रेघा आखलेल्या, आणि खुर्चीवर मफलर गुंडाळलेला एक वॉचमन.

"ओ ताई, हितून जाता येनार नाय. प्लॉटिंग झालंय."

"मी सहा महिन्यांपासून इथं चढतेय."

"व्हय, पन आता तार लागली ना."

मी इकडंतिकडं पाहिलं. तार ओढ्याच्या काठापर्यंत येऊन थांबली होती. ओढा कोरडाठाक, बाभळींनी भरलेला. "ओढा विकला का तुमच्या मालकानं?"

तो हसला. "नाय. पन साप हायेत तिथं लई."

"असू देत," म्हटलं, आणि ओढ्यात उतरले.

पहिल्या दिवशी दोन्ही हात ओरबाडून निघाले. दुसऱ्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गेले. आठवड्याभरात पायाखाली वाट पडली. वॉचमन सोयगावकडचा होता. शेत दोन वर्षं पडीक राहिलं म्हणून इकडं आला होता, असं एकदा त्यानं सांगितलं. मला आत त्यानं कधी सोडलं नाही, पण खुर्ची मात्र ओढ्याकडं तोंड करून ठेवू लागला. एकदा मी दमून वरच बसले, तर खालून ओरडला, "ताई, आठच झाले! बारा म्हनला हुता!" रागच आला. उठले आणि बारा पुरे केले.

शर्यत होती सह्याद्रीत, थंडीच्या दिवसांत. सकाळी साडेपाचला निघालो. सगळ्यांच्या हातात चढायच्या काठ्या, अंगावर नवे कपडे. पहिल्या चढालाच बहुतेक सगळे मला मागं टाकून गेले. पण पुढच्या खिंडीतून खाली मुरमाचा घसरडा उतार लागला. तिथं भलेभले बसून, हात टेकत उतरत होते. आमच्या टेकडीच्या तसल्याच मुरमावर मी वर्षभर पाय घासले होते. सहाजणांच्या बाजूनं धावत खाली गेले.

तेवढ्यानं भागलं नाही. पुढच्या चढांवर पुन्हा मागं पडले. पस्तिसाव्या किलोमीटरची चौकी दुपारी दोनला बंद होणार होती; नंतर येणाऱ्याला पुढं सोडणार नव्हते. मी पोचले तेव्हा दोनला चार मिनिटं कमी होती. माझ्याच वयाचा एक माणूस शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता.

"मॅडम, जीप उभी आहे. बसा. पुढचा चढ जड आहे."

"वेळ संपली का?"

"चार मिनिटं आहेत अजून, पण—"

"मग बसायला कशाला सांगता?"

"हट्ट करू नका. तुमची अवस्था बघा."

"बघितली," म्हटलं. बाटली भरून घेतली, मीठ लावलेला बटाटा तोंडात कोंबला आणि निघाले.

त्याचं खरंच होतं. अर्ध्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. बटाटा उलटून पडला. एका दगडावर बसून मी चांगली रडले, आणि जीपमध्ये का बसले नाही म्हणून स्वतःला शिव्याही घातल्या. मागून एक बाई आली, माझा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळून दिली आणि पुढं गेली. मग मी उठले. दहा पावलं चालायची, थांबायचं, पुन्हा दहा. शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा सहा वाजायला नऊ मिनिटं होती. सहाला शर्यत संपत होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कितवी आलीस?"

"शेवटून तिसरी."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे दोघं तुझ्याही मागं होते?"

"होते."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि ताट वाढायला घेतलं.

सोमवारी कठडा धरून, पाठमोरी होऊन एकेक पायरी जिना उतरले आणि वेळेवर कामाला गेले. साहेबांनी स्टूल पुढं केलं. नको म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत तेवढी बसले, आणि घंटा झाल्यावर शेजारच्या दोघींनी धरून उठवलं.