दादांनी गळा बघितलाय

भर मे महिन्यात स्वेटर घालून मासे विकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. दांडी गावची बाय. आमच्या कुंभवलीत तिला सगळे बायच म्हणत. आम्ही घामाने निथळत असायचो आणि ही बटणं गळ्यापर्यंत लावून टोपली उतरवायची. मी हसलो तर म्हणाली, "हसा दादा. दिवसभर बर्फात हात घालून बघा, मग कळंल." मला पटलं. ती गेली, हे मात्र अजून डोक्यात शिरत नाही.

तिचा आवाज असा, की ती उमरोळीत ओरडली तर आमच्या दारात मांजरं जमावीत. तो हळूहळू घोगरा झाला. इतकी वर्षं ओरडून कुणाचा राहील? मग पाय सुजले, तोंड सुजलं, बोलता बोलता डुलकी लागायला लागली. त्याचं कारण मीच ठरवलं, साखर. बायला साखर होती, मलाही आहे. त्यामुळे त्यातलं मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं अशी माझी खात्री.

"भात सोड," मी सांगायचो.

"तुमी सोडला काय?"

मी विषय बदलायचो.

एकदा तिने बोईसरच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. "थायरॉइड तपासा बोलतो. रक्त काढणार."

मी चौथी शिकलेला, पण थायरॉइड म्हणजे गळ्याला गाठ, एवढं मला ठाऊक होतं. तिला ओट्यावर बसवलं, मान वर करायला लावली, नीट पाहिलं. "कुठाय गाठ? गळा साफ आहे. सगळा तपासणीवाल्यांचा धंदा. तू साखर सांभाळ."

"दादा बोलला म्हंजे झाला," बाय म्हणाली, आणि त्याच चिठ्ठीत मला चार सुके बोंबील बांधून दिले.

पुढच्या थंडीत ती बरेच दिवस आली नाही. मग एका सकाळी तिची टोपली घेऊन सून आली.

"आई गेली."

काही दिवसांपूर्वी ती सकाळी उठेचना, अंग गार पडलेलं. दवाखान्यात नेलं, पण शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड कधीचा मंदावला होता आणि सगळे साखर साखर करत राहिले. गाठ दिसतेच असं नाही, रक्तात कळतं. कळलं असतं तर रोज एक गोळी घ्यायची होती.

मी सांगून टाकलं, "मीच तिला नको म्हणालो होतो." माफी मागणं मला जन्मात जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

"माहीत हाय," सून म्हणाली. "आई सगळ्यांना सांगायची, दादांनी गळा बघितलाय." टोपली डोक्यावर घेता घेता ती थांबली. "तुमाला पण साखर हाय ना? तुमी केली ती तपासणी?"

"नाही."

"मग करा."

दुसऱ्या दिवशी बोईसरला गेलो. तिथल्या मुलीने दंडाला रबर बांधलं, सुई टोचली, कापूस धरायला दिला.

"झालं, आजोबा. उठा."

"एवढंच?"

"एवढंच."

मला उठताच येईना.