सासूबाईंची उलटी चाल

लकवा मारल्यानंतर सासूबाईंनी सगळ्यात आधी जेवण अर्ध्यावर आणलं. भाताचं ताट समोर ठेवलं की दोन-चार घास खायच्या आणि उजव्या हाताने ताट सरकवून द्यायच्या. डावी बाजू पूर्ण गेली होती. मला वाटलं, तोंडाची चव गेली असेल. म्हणून कधी चिंचेचं वरण केलं, कधी वडीची भाजी. शेवटी वैतागून विचारलं, "आई, काहून नाही जेवत तुमी?"

भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "जास्त खाल्लं तं जास्त जा लागते. लेकानं मायले संडासले न्यावं, हे का बरं दिसते?"

त्यांना एकटीने उचलणं मला झेपत नव्हतं. सकाळी माझा नवराच त्यांना काखेत धरून न्यायचा आणि दाराकडे पाठ करून बाहेर उभा राहायचा. त्या वेळी त्या डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढून घ्यायच्या. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंत एक अरुंद पॅसेज आहे. म्हातारपणी माणसं काशी मागतात, नातवाचं लग्न मागतात. आमच्या सासूबाईंना तेवढा पॅसेज आपल्या पायांनी पार करायचा होता. दुसरं काही नको होतं.

भंडाऱ्याहून फिजिओथेरपीवाली यायची. वयाने लहान, पण दटावण्यात सासूबाईंना भारी. तिने सांगितलं, पाय हलत नसला तरी मनात चाला. नुसतं मनात चाललं तरी मेंदूतला पाय हलवणारा भाग जागा होतो. दुसऱ्याला चालताना नीट बघितलं तरी होतो. मी दुकानदाराची मुलगी, माल हातात आल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तरी सांगितलं म्हणून रोज त्यांच्यासमोर पलंगापासून दारापर्यंत फेऱ्या मारायचे.

"कायची चालतेस व बाई, बदकावानी," त्या म्हणायच्या. "तुले पाहून शिकली तं मी बी बदक होईन."

मग त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि मनातलं चालणं धरलं. ओळखीची एखादी वाट घ्या, असं त्या मुलीने सांगितलं होतं. नाकाडोंगरीकडे आमचं गाव आहे. त्यांच्या मनात घरापासून देवळाची वाट असेल, असं मी धरून चालले. विचारलं कुणीच नाही.

दुपारी जेवणं झाली की त्या डोळे मिटायच्या. मी समोर तांदूळ निवडत बसायचे. सुरुवातीला काही नसायचं. हळूहळू त्यांचा श्वास बदलायचा, कपाळावर घाम यायचा. चादरीखालची डावी पोटरी, जिच्यात जीव नाही असं डॉक्टर सांगून गेले होते, ती आतून थरथरायची. उजव्या हाताची तीन बोटं एकत्र यायची, खाली दाबल्यासारखी व्हायची, सुटायची. पुन्हा एकत्र यायची. पलंगावर कुणी हललेलं नसायचं आणि खोलीत कुणीतरी चालत असायचं. मला भीती वाटायची. सूप घेऊन स्वयंपाकघरात जावं असं रोज वाटायचं आणि रोज मी तिथेच बसून राहायचे. सूप मांडीवर आणि माझ्याही पोटऱ्या भरून आलेल्या. मला वाटायचं, बसून बसून असेल.

पाऊसकाळाच्या शेवटी त्या मुलीने त्यांना उभं केलं. समोर वॉकर, मागे मी, दारात नवरा. "टाका पाय, आजी," ती म्हणाली. डावा पाय उचलला गेला. खरोखर उचलला गेला. आणि मागे पडला.

"पुढे, आजी. पुढे."

पुन्हा उचलला, पुन्हा मागे. टाच आधी जमीन चाचपायची, मग पाऊल टेकायचं. त्या मुलीचा चेहरा पडला. तिने त्यांना बसवलं आणि विचारलं, "आजी, मनात कुठे चालता तुम्ही?"

"कुठं म्हन्जे? बांधीत."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दारातून नवरा हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "अवो, रोवणी करून राहिली ते. रोवणीत मागंच जा लागते. पुढं गेलं तं लावलेले पऱ्हे पायाखाली येतात."

म्हणजे एवढे महिने ही बाई आमच्या पलंगावर पडून बांधीत, भाताच्या खाचरात, चिखलात वाकून धान लावत होती. एकेक रोप खोचत, एकेक पाऊल मागे घेत. त्या मुलीने परोपरीने समजावलं, आजी, रस्ता डोळ्यांपुढे आणा, बसस्टँडचा, बाजाराचा. सासूबाई चिडल्या. "रस्त्यानं कितीक चालली मी? सारं जिनं बांधीत गेलं. पायाले जे ठाव आहे तेच करन ना थो."

शेवटी ती मुलगी हरली, किंवा शहाणी झाली म्हणा. नवऱ्याने पॅसेजच्या भिंतीला लोखंडी पाइप ठोकून घेतला. आधी मी मागे उभी राहायचे, मग नुसती जवळ, मग लांब. आणि एका दुपारी मला हाकही न मारता सासूबाई पलंगावरून उठल्या, पाइप धरला आणि संडासाकडे पाठ करून मागे मागे गेल्या. आतून कडी लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हाताने उभी होते आणि ती कडी ऐकून मला रडू आलं. त्या दिवशी त्यांनी ताटभर भात खाल्ला आणि वर वरण कमी पडलं म्हणून मला ऐकवलं.

पण ते दृश्य बघणं सोपं नव्हतं. जाणाऱ्या माणसाची पाठ दिसते. त्या जायच्या तेव्हा चेहरा आमच्याकडे, डोळे आमच्यावर, आणि तरी लांब लांब चाललेल्या. शेजारणीची पोरं दारातून बघून पळाली. उलट्या पायांची हडळ म्हणे. मी पोरांवर ओरडले, तर सासूबाई मजेत होत्या. "हडळच आहो मी. मेल्यावर सवय करा नाही लागन."

धान कापणीच्या दिवसांत त्या झोपेतच गेल्या. नवरा रडला नाही. गावी सगळं रीतसर केलं, पाहुण्यांचं केलं, परत येऊन कामावर रुजू झाला. पाइप काढून टाकू, असं मी दोनदा म्हटलं. पाइप तिथेच राहिला.

त्यानंतर माझ्या पायांना काहीतरी झालं. पॅसेजमध्ये शिरले की डाव्या पोटरीत ओढ लागायची. चालता चालता टाच मागे जमीन शोधायची. मी स्वतःला रागवायचे. मी आयुष्यात कधी बांधीत उतरलेले नाही, धानाचं रोप मी नवऱ्याच्या गावीही बांधावरूनच पाहिलेलं. पण ती मुलगी म्हणाली होतीच, बघणाऱ्याचाही मेंदू चालतो. मी त्या महिन्यांत त्यांना किती बघितलं होतं! घरात एकटी असले की मी पायांना अडवायचं सोडून दिलं. पाइप धरायचा आणि जाऊ द्यायचं. भीती वाटायची आणि खरं सांगते, करमायचंही.

एका संध्याकाळी मी तशीच पॅसेजमधून मागे मागे जात होते. कामावरून नवरा कधी आला, कळलं नाही. दारात डबा हातात धरून तो उभा होता.

"माय," तो म्हणाला.

मी थांबले. त्यालाही कळलं आपण काय बोललो ते. तो तिथेच पलंगावर बसला, त्यांच्या रिकाम्या पलंगावर, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी जवळ जायला पुढे पाऊल टाकलं, तर त्याने हात वर करून मला अडवलं.

"येऊ नको," तो म्हणाला. "अजून एकदा जाय ना. तशीच."

मी पाइप धरला आणि त्याच्याकडे बघत बघत गेले.