आईची घागर

परवा नातीला झोका बांधताना भिजलेल्या सुंभाचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातली ती दुपार समोर उभी राहिली.

दिंद्रुडकडच्या आमच्या गावात फक्त सोसायटीच्या विहिरीला पाणी उरलं होतं. आमच्या बौद्धवाड्याला चेअरमन तिथं पोहरा टाकू देत नव्हता. त्या दिवशी त्यानं आईची घागर लाथेनं उडवली. आई परतली तेव्हा ओट्यावर वडील आणि मिशनच्या दवाखान्यातल्या मार्थाबाई बसल्या होत्या.

आईनं झालेलं सांगितलं. मार्थाबाई हळहळल्या. "येशू म्हणतो, मारणाऱ्यालाबी माफ करा."

"आमचे बुद्धबी तेच सांगतेत, वैरानं वैर मिटत न्हाई, मैत्रीनंच मिटतं," वडील म्हणाले. मग माफी मोठी की मैत्री, यावर दोघं रंगले.

आई भडकली. "दोघांचं जुळलं, लई चांगलं झालं. पर हे मलाच कावून सांगता? जाऊन त्या चेअरमनला सांगा की!"

तिनं दोर खांद्यावर टाकला, माझा हात धरला आणि पुन्हा विहीर गाठली. चेअरमन धावून आला. तेवढ्यात मागून मार्थाबाई आल्या आणि त्याच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. त्याच्या शिव्या ऐकत आईनं घागर भरली. वडील आले नाहीत.

संध्याकाळी त्याच पाण्याचा तांब्या तोंडाला लावून ते आईला म्हणाले, "इतका राग बरा न्हाई."

तेव्हा मला आईचीच लाज वाटली होती. आज तो तांब्या त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटतो.