न उलगडलेल्या कापडाचा शर्ट

जळगावात कापडाच्या दुकानात शिरलं, की आधी एकच प्रश्न येतो: "घालायचं का द्यायचं?" घालायचं कापड गादीवर उलगडून दाखवतात. द्यायचं कापड घडीतच दाखवतात आणि घेणाराही ते घडीतच घेतो. ते लग्नात आहेर म्हणून जातं, ज्याला मिळतं त्याच्या पेटीत पडतं आणि पुढच्या लग्नात तिसऱ्याच्या हाती पोचतं. कापड ही अंगावर घालायची वस्तू आहे, अशी शंका या प्रवासात कोणालाच येत नाही.

लोटन निकुंभला ती आली. सव्वीस वर्षांचा हा शिंपी दलिचंदशेठच्या कापड दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसे. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात झुरळं झाली म्हणून त्याने आईची पत्र्याची पेटी अंगणात रिकामी केली. एकसष्ट पीस निघाले. त्याने एकेक उलगडला. घडीवर तपकिरी रेघा, स्टिकरच्या डिंकाला चिकटलेली मेलेली झुरळं, एकाला उंदराने मधोमध पाडलेलं भोक. खळ आणि डांबरगोळ्यांचा असा वास सुटला, की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

"माय, याले वास येस," लोटन म्हणाला.

"येवू दे. ते लगनमा देवानं शे, घालानं नही," भागाबाईने निकाल दिला. "आपले काय हुंगानं शे?"

मापं घेतली तर छाप सव्वादोन मीटरचा आणि कापड पावणेदोन. एका पीसमधून एक शर्ट निघेना. म्हणून त्याने पाठ एकाची, बाह्या दुसऱ्याच्या, छाती तिसऱ्याची असे शर्ट शिवले. आहेर देताना कापडाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावतात; ते डाग धुऊन जाईनात, म्हणून तो कोपरा त्याने सरळ खिशावर घेतला. कॉलेजची पोरं या शर्टांवर तुटून पडली. खिशावर ठिपके जितके जास्त तितका शर्ट भारी, असा त्यांचा हिशेब. आपण आठ-दहा लग्नांचा शिळा मानपान छातीवर मिरवतोय, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

लोटनला मात्र फॅशनशी देणंघेणं नव्हतं. गावातलं हे बठ्ठं, सगळंच्या सगळं कापड एकदा अंगावर घालून फाडायचं आणि संपवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नव्या ठाणाला कात्री लावायची नाही, असं त्याने ठरवलं. बायांना तो सांगे, "दोन पीस द्या, साडीला फॉल फुकट लावून देतो." दोन वर्षांत गावाच्या कडेच्या पिंप्राळ्यापासून इकडे निम्म्या पेट्या त्याने उपसल्या.

एका लग्नात दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक सुंदरबाईंना पंगतीत वाढणाऱ्या पोराच्या छातीवर आपलाच आहेर दिसला. दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर हजर झाल्या.

"लोटन, तो निळा पीस मी उखर्डूनानांना दिला होता."

"नानांनी माझ्या आईला दिला, अक्का."

"म्हणून चारचौघांत उलगडायचा?"

"त्यावर अकरा ठिपके होते. तुमच्या आधी नऊ जणांनी दिलेला."

सुंदरबाई मशीनवर वाकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नववा, म्हणजे मला देणारा, कोण ते कळतं का?"

ते कळत नव्हतं. त्या आत गेल्या आणि दलिचंदशेठला म्हणाल्या, "द्यायचे दोन डझन काढा. पेटीत काही उरलंच नाही, सगळं लोटनने नेलं."

लोटनचं मशीन थांबलं. त्या दिवशी त्याने आत येणाऱ्या बायांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ज्यांच्या पेट्या त्याने रिकाम्या केल्या होत्या, त्याच बाया पेट्या भरायला येत होत्या. दोन पीस संपले की चार विकले जात होते.

संध्याकाळी शेठ स्वतः चहा घेऊन बाहेर आले. "लोटनभाऊ, तुमच्यामुळे यंदा माल पुरेनासा होऊन राहिला. आता असं करा, जुनं कशाला शोधता? आतलं नवं ठाण घ्या, त्याचेच तुकडे करून जोडा."

"आणि ठिपके?"

शेठनी गल्ल्याशेजारची कुंकवाची डबी आणली, बोट बुडवलं आणि कोऱ्या कापडाच्या कोपऱ्यावर शांतपणे अकरा ठिपके दिले. बोट त्याच कापडाला पुसलं. "बघा, एका मिनिटात अकरा लग्नं."

लोटनने चहा तसाच ठेवला. मशीन हातगाडीवर घातलं आणि पिंप्राळ्याला गेला. ओट्यावर दुसऱ्या आठवड्यात सुपडू शिंपी बसला; तो ठाणं कापतो, ठिपके त्याची बायको देते, आणि शर्ट धुळ्यापर्यंत जातात.

लोटन आता शाळेचे गणवेश शिवतो. खाली चार बोटं दुमड ठेवतो, दर जूनला एक बोट उसवून देतो. चड्ड्या ढगळ दिसतात म्हणून पोरं त्याला शिव्या घालतात. पाचवीला शिवलेली चड्डी आठवीत बसायच्या जागी विरते, मग तिची जमीन पुसायची फडशी होते आणि तीही झिजून जाते. एवढं नशीब जळगावात दुसऱ्या कुठल्या कापडाला मिळत असेल, असं वाटत नाही.