औषध कुठं धरते

पोराच्या तोंडावर चादर ओढली आणि डॉक्टरीणबाईनं त्याचा मेंदू मागितला. मिरगीचे झटके थांबलेच नव्हते, नागपूरच्या दवाखान्यात भर दुपारी तो गेला. वऱ्हांड्यात फिनाइलचा वास होता आणि माझ्या मांडीवर धाकटी झोपली होती. तिलाही तोच आजार. बाई म्हणाली, "मावशी, मेंदूचे पातळ काप करून त्यावर औषध सोडतो. ते कुठं जाऊन चिकटतं ते दिसतं." मी विचारलं, "म्हनजे धानाचं रोप, परहा, चिखलात धरते का वर तरंगते, तसं?" ती म्हणाली, "तसंच. ह्याच्या मेंदूत औषधानं का धरलं नाही, ते बघायचंय." नवरा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "अर्धा पोट्टा गावाले, केशोरीले नेऊ काय? लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोकायले मिरगी नाही. हिले आहे." चौथीपर्यंत शिकले होते, सही मीच केली. त्यानंतर नवरा माझ्याशी मरेपर्यंत धड बोलला नाही. त्या मेंदूत काय सापडलं ते कोणी कळवलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. पुढं धाकटीला दुसरी गोळी दिली, ती धरली. त्यामुळं की आणखी कशामुळं, मला ठाऊक नाही. आता घराची फरशी तीच पुसते, पाण्यात फिनाइल टाकते, आणि तो वास आला की मी अंगणात जाऊन बसते. पोरगा गेला, नवरा गेला. धाकटी जगली.